अनुदान घ्यावं, पण कर्ज समजून

नमस्कार ताई,
आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो, दोघंही आयटीत. मुलगी इथेच जन्मलेली, राज्याच्याच एका विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे. कॉम्प्युटर सायन्स म्हणून गेली आणि या थँक्सगिव्हिंगला घरी आली ती ‘मला टीचर व्हायचंय’ असं सांगतच. कधी म्हणते गणित शिकवीन, कधी म्हणते लहान मुलांना शिकवीन. तिला कॉलेजात कुणीतरी टीच ग्रँटबद्दल, म्हणजे शिक्षक होणाऱ्यांना इथलं केंद्र सरकार देतं त्या अनुदानाबद्दल, सांगितलंय. वर्षाला चार हजार डॉलरच्या आसपास मिळतात, आणि नंतर चार वर्षं गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवायचं. ह्यांचं म्हणणं, हा बाँड आहे, निव्वळ वेठबिगारी. ह्यांची बहीण गावाकडे तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून राबली, ते ह्यांच्या डोळ्यांसमोर आहे. शिवाय ‘तसल्या’ शाळांत मुलीला पाठवायचं म्हटलं की ह्यांच्या पोटात गोळा येतो. मला वाटतं, फुकट मिळतंय तर का सोडा? पण ओळखीतल्या एका मुलीचं असंच अनुदान पुढे कर्ज झालं म्हणे. आणि आमचा पगार बघता आम्हाला मुळात ते मिळेल का, हेही माहीत नाही. काय करावं?
– एडिसनची एक आई

प्रिय आई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. मिळेल. टीच ग्रँट आईबापांच्या पगारावर ठरत नाही. फाफ्साचा, म्हणजे केंद्राच्या विद्यार्थी-मदतीचा, फॉर्म मात्र भरावाच लागतो आणि आपल्या लोकांचं घोडं नेमकं तिथेच अडतं. ‘आपल्याला थोडंच काही मिळणार आहे’ म्हणून आपण तो फॉर्म भरतच नाही. मी कितीतरी घरांत हे वाक्य ऐकलंय, आणि ते म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तो फॉर्म उघडूनही पाहिलेला नसतो. तेव्हा आधी फाफ्सा भरा. बाकीच्या अटी मुलीच्या बाजूच्या आहेत: जीपीए किमान ३.२५ हवा आणि तो पुढेही टिकायला हवा (किंवा प्रवेशपरीक्षेच्या गुणांत वरच्या पंचवीस टक्क्यांत यायला हवं), तिचं कॉलेज या योजनेत असायला हवं, आणि ती ज्या अभ्यासक्रमाला आहे तो कॉलेजने या योजनेसाठी पात्र ठरवलेला हवा. हे शेवटचं विचारायला विसरू नका. कॉलेज योजनेत असतं, पण मुलीचा मेजर, म्हणजे मुख्य विषय, त्यात बसत नाही, असं होऊ शकतं. एक ईमेल फायनान्शियल एडच्या ऑफिसला, एक शिक्षणशास्त्र विभागाला. दोघांची उत्तरं जुळली की पुढे जायचं.

आता ‘फुकट’ या शब्दाकडे येते.

मी या राज्यात बावीस वर्षं अशाच एका, सरकारच्या कमी उत्पन्नाच्या यादीतल्या शाळेत गणित शिकवलं. आमच्या शाळेत एक तरुण शिक्षिका आली होती, हुशार, स्पेशल एज्युकेशनची. तिने टीच ग्रँट घेतलेलं होतं. तेव्हाची पद्धत अशी होती की दर वर्षी एक कागद भरायचा, ‘मी अजून शिकवते आहे’ असं लिहायचं, प्रिन्सिपॉलची सही घ्यायची आणि कर्जाचं काम बघणाऱ्या कंपनीला मुदतीत पाठवायचा. तिने भरला. सही घेतली. सहीशेजारी तारीख टाकायची राहिली. कंपनीने कागद परत पाठवला, तिने तारीख टाकून पुन्हा पाठवला, तोवर मुदत उलटून गेली होती. एक दिवस ती जेवणाच्या सुट्टीत पाकीट घेऊन माझ्या वर्गात आली. आत पत्र होतं: तुमचं अनुदान आता कर्ज झालंय, व्याज पहिल्या दिवसापासून लागू. ती त्याच शाळेत, त्याच मुलांना, त्याच वर्गात शिकवत होती. बारा मिनिटांनी तिचा पुढचा तास होता. तिने डोळे पुसले आणि गेली.

ही तिच्या एकटीची कथा नव्हती. अमेरिकी काँग्रेसची हिशेब तपासणारी संस्था गाओ, तिने २०१५ साली अहवाल दिला. त्यात आकडा होता: ऑगस्ट २०१३ ते सप्टेंबर २०१४ या काळात २,२५२ जणांची अनुदानं चुकून कर्जात बदलली गेली होती. पुढे २०१८ मध्ये एनपीआर रेडिओने हे प्रकरण लावून धरलं, शिक्षकांच्या मुलाखती ऐकवल्या, आणि त्या वर्षाच्या अखेरीस शिक्षण खात्याला चूक दुरुस्त करण्याची प्रक्रिया जाहीर करावी लागली. ज्यांनी खरोखर सेवा केली होती त्यांची कर्जं पुन्हा अनुदानात बदलायला सुरुवात झाली. तुमच्या ओळखीच्या मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही, पण ती त्या काळातली असेल आणि शिकवत राहिली असेल, तर तिला फेरविचारासाठी अर्ज करायला सांगा. ती सोय अजूनही आहे.

आणि नियमही बदलले. जुलै २०२१ पासून एखादा कागद उशिरा पोचला म्हणून अनुदान कर्ज होत नाही. कर्ज होतं ते दोनच कारणांनी: एक, मुलीने स्वतःच ‘मला हे नको, कर्ज करून टाका’ म्हटलं तर. दोन, उरलेल्या वेळात चार वर्षं पुरी होणंच अशक्य झालं तर. म्हणून आज मला कागदाची भीती पूर्वीइतकी वाटत नाही. तरी त्या तारीख नसलेल्या सहीची आठवण म्हणून सांगते, प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची, आणि प्रिन्सिपॉलची सही जूनमध्ये घ्यायची, सप्टेंबरमध्ये नाही. उन्हाळ्यात प्रिन्सिपॉल बदलतात. आमच्या शाळेत सहा वर्षांत चार झाले.

दुसरं कारण मात्र नीट समजून घ्या, कारण आजची सगळी जोखीम तिथे आहे.

नियम असा: अभ्यासक्रम पुरा केल्यापासून (किंवा सोडल्यापासून) आठ वर्षांच्या आत चार शालेय वर्षं शिकवायचं. पूर्णवेळ, पात्र शिक्षिका म्हणून. शाळा कमी उत्पन्नाच्या यादीतली हवी, आणि शिकवण्याचा निम्म्याहून जास्त भाग ‘गरजेच्या’ विषयाचा हवा. सलग चार वर्षं लागत नाहीत, एकाच शाळेतही लागत नाहीत. मध्ये आजारपण, बाळंतपण, घरच्या माणसाची शुश्रूषा, असं कायद्याने मान्य केलेलं कारण आलं तर आठ वर्षांचं घड्याळ थांबवता येतं, एकेक वर्ष करून एकूण तीन वर्षांपर्यंत. इथवर सगळं बरं आहे.

पण यात अर्धवटाला काही किंमत नाही. तीन वर्षं शिकवलं आणि चौथ्या वर्षी सोडलं, तर पाऊण कर्ज माफ असं काही होत नाही. सगळीच रक्कम कर्ज होते, आणि व्याज लागतं ते ज्या दिवशी कॉलेजच्या खात्यात पैसे जमा झाले त्या दिवसापासून. तुमच्या मिस्टरांना आकडे आवडत असतील, म्हणून मांडते. कमाल रक्कम कायद्यात ४,००० डॉलर आहे, पण केंद्रीय खर्चकपातीमुळे ती सध्या ३,७७२ वर आली आहे. मुलगी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी घेणार, म्हणजे ७,५४४ डॉलर. २०२५–२६ साठी या प्रकारच्या कर्जाचा पदवी विद्यार्थ्यांचा दर ६.३९ टक्के आहे. त्या दराने धरलं तर वर्षाला सुमारे ४८० डॉलर व्याज. सहा वर्षांनी ‘नाही जमलं’ म्हटलं तर साडेदहा हजारांच्या घरात गेलात. आयटीतल्या दोन पगारांच्या घराला ही रक्कम बुडवणारी नाही. पंचविशीतल्या, शाळा सोडून दुसरं काही शोधणाऱ्या मुलीला ती जड जाते.

आणखी एक गोष्ट, जी मी आजवर एकाही आईबापांना आपणहून लक्षात आलेली पाहिली नाही. पदवीच्या काळात एक वर्ष अनुदान घेतलं काय किंवा चारही वर्षं घेतलं काय, सेवा चारच वर्षं. म्हणजे पहिल्या वर्षापासून घेतलेल्या मुलीला त्याच चार वर्षांच्या बदल्यात पंधरा हजार मिळतात, आणि फक्त शेवटच्या वर्षी घेतलेलीला पावणेचार हजार. हिशेबाच्या बाजूने बघितलं तर लवकर घ्यावं. पण दुसऱ्या वर्षाला असलेली, कालपर्यंत कोड लिहिणारी आणि वर्गात एक दिवसही न उभी राहिलेली मुलगी सही करते, तेव्हा ती कशावर सही करते हे तिला ठाऊक नसतं. म्हणून माझं मत, या वर्षी घाई नको. तिसऱ्या वर्षापासून घ्यावं, आणि तोवर तिने वर्ग पाहावा. पुढे मास्टर्स करायची ठरली तर त्यासाठी वेगळं अनुदान आहे, एकूण ८,००० पर्यंत, आणि दोन्हीची सेवा एकाच वेळी होऊ शकते. चार आणि चार आठ, असं नाही.

‘गणित की लहान मुलं’ हा तुमच्या मुलीचा गोंधळ आहे ना, तो इथे नुसता आवडीनिवडीचा प्रश्न राहत नाही. गणित, विज्ञान, स्पेशल एज्युकेशन, परकीय भाषा, द्वैभाषिक शिक्षण आणि वाचनतज्ज्ञ, हे विषय देशभर कायम गरजेचे मानले जातात. बाकीचे विषय राज्यागणिक, वर्षागणिक टंचाईच्या राष्ट्रीय यादीत येतात आणि जातात. साधी प्राथमिक शिक्षिका, सगळे विषय शिकवणारी, ही आपोआप यात बसत नाही. मुलगी ‘लहान मुलंच’ म्हणाली तर तिला न्यू जर्सीत ‘टीचर ऑफ स्टुडंट्स विथ डिसॅबिलिटीज’ची, म्हणजे स्पेशल एज्युकेशनची, जोड घ्यायला सांगा, ती प्राथमिकच्या प्रमाणपत्राबरोबर घेता येते आणि नोकरीही लवकर मिळते. गणित म्हणाली तर मार्ग सरळ आहे. फक्त मिडल स्कूलमध्ये प्रिन्सिपॉल ‘दोन तास गणित, तीन तास सोशल स्टडीज’ असं वेळापत्रक हातात ठेवतात, तेव्हा ‘माझे निम्म्याहून जास्त तास गणिताचे हवेत’ हे नोकरी घेतानाच बोलायचं. लाजायचं नाही. आणि पहिल्या वर्षी मदतनीस किंवा तात्पुरत्या बदली शिक्षिकेची जागा मिळाली, तर ते वर्ष धरतील असं गृहीत धरू नका. आधी लेखी विचारा.

बाकीच्या दोन योजना थोडक्यात. गणितातच मेजर करणार असेल तर तिच्या कॉलेजला रॉबर्ट नॉइस शिष्यवृत्ती आहे का ते बघा. ती नॅशनल सायन्स फाउंडेशनची, रक्कम टीच ग्रँटपेक्षा बरीच मोठी, आणि एका वर्षाच्या शिष्यवृत्तीला दोन वर्षं गरजू जिल्ह्यात शिकवायची अट. दुसरी गोष्ट अनुदान नाही, कर्जमाफी आहे: मुलीच्या नावावर साधं केंद्रीय विद्यार्थी कर्ज असेल आणि ती अशा शाळेत सलग पाच वर्षं शिकवेल, तर माध्यमिक गणित-विज्ञान आणि स्पेशल एज्युकेशनवाल्यांना १७,५०० डॉलरपर्यंत माफ होतात, इतरांना ५,००० पर्यंत. इथे आधी सही करावी लागत नाही. मुलीचा निश्चय कच्चा वाटत असेल तर मला हा रस्ता जास्त बरा वाटतो. कर्ज तर कर्ज, पण त्याचं नाव पहिल्या दिवसापासून कर्जच असतं.

आता तुमच्या मिस्टरांशी बोलते.

भाऊ, बाँडची तुमची धास्ती मला कळते. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या मुलांना सेवेचा बाँड, नाहीतर जबर दंड, हे आपण ऐकतच मोठे झालो. आणि शिक्षणसेवक तर काय सांगू. माझ्या चुलतभावाची बायको त्यातूनच गेली. शिकवायचं सगळं, जनगणनेला आणि निवडणुकीलाही जायचं, आणि हातात मानधन. प्राथमिकला कितीतरी वर्षं महिन्याला सहा हजार मिळायचे. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले, तेव्हा लोकांना ती मोठी बातमी वाटली. तुमच्या बहिणीने जे सोसलं ते खरं आहे.

पण इथलं प्रकरण वेगळं आहे, आणि ते पगारात दिसतं. अनुदान घेतलेल्या मुलीला एक डॉलरही कमी मिळत नाही. शाळा-जिल्ह्याचा शिक्षक संघटनेशी करार असतो, त्यात पगाराचा तक्ता असतो, त्याला इथे सॅलरी गाइड म्हणतात. उभ्या पायऱ्या नोकरीच्या वर्षांच्या, आडवे रकाने पदवीचे. बीए, बीए अधिक तीस (म्हणजे वर तीस क्रेडिट), एमए. हा तक्ता सार्वजनिक असतो. पर्थ अँबॉयचा काढा, न्यू ब्रन्सविकचा काढा, आणि तुमच्या एडिसनच्या तक्त्याशेजारी ठेवा. मी आकडे सांगत नाही, कारण ते दर कराराला बदलतात. तुम्ही एका संध्याकाळी स्वतः बघा. ‘गरीब गावातली शाळा म्हणजे गरीब पगार’ हे न्यू जर्सीत गृहीत धरता येत नाही. त्याला इतिहास आहे. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात १९८५ पासून चाललेला अ‍ॅबट विरुद्ध बर्क नावाचा खटला. श्रीमंत उपनगरांतल्या आणि न्यूअर्क, कॅमडेन, ट्रेंटनसारख्या शहरांतल्या शाळांवर होणाऱ्या खर्चातली दरी घटनेत बसत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि राज्याला पैसे द्यायला लावले. अशा ३१ जिल्ह्यांना आजही जुने लोक ‘अ‍ॅबट डिस्ट्रिक्ट’ म्हणतात. पर्थ अँबॉय आणि न्यू ब्रन्सविक त्यातलेच, आणि दोन्ही तुमच्याच मिडलसेक्स काउंटीत. ओक ट्री रोडवर मिठाई घ्यायला जाता, तिथून फार लांब नाहीत.

शिवाय चार वर्षं हा आकडा इथे दुसरीकडेही भेटतो. २०१२ च्या कायद्यापासून न्यू जर्सीत शिक्षकाला टेन्युअर मिळायला चार वर्षं लागतात. म्हणजे ज्या काळाला तुम्ही वेठबिगारी म्हणता, त्याच काळात तिची नोकरी पक्की होण्याच्या मार्गावर असते. तोवर दर वर्षी मे महिन्याच्या मध्यापर्यंत शाळा कळवते, पुढच्या वर्षी ठेवतोय की नाही. नाही ठेवलं तर यादीतली दुसरी शाळा, तिथे घड्याळ पुढे चालू. आणि एखादी शाळा तिने नोकरी सुरू केल्यानंतर यादीतून गळाली, तरी तिथे केलेली पुढची वर्षं धरली जातात. एवढी माणुसकी नियमात आहे.

‘तसल्या शाळा’. हे सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण तुमच्या पत्रातलं खरं भय हेच असावं असं मला वाटलं. सुरक्षिततेचं म्हणाल तर बावीस वर्षांत माझ्या गाडीची काच एकदाच फुटली, आणि ती शाळेत नाही, एका झकास मॉलच्या पार्किंगमध्ये. पण शाळा सोपी होती असं मी म्हणणार नाही. सप्टेंबरात असलेली सत्तावीस मुलं जूनमध्ये तीच सत्तावीस नसायची. भाडं भरता आलं नाही की कुटुंब रातोरात हलायचं, आणि बाकावर नवीन पोर येऊन बसायचं, ज्याचं जुनं दप्तरही सोबत नसायचं. दमणूक त्याची होती. तुमच्या मुलीला दमवणार तेही हेच, चाकू-सुऱ्या नाहीत.

आणि एक दिवस सांगते. डोमिनिकन रिपब्लिकहून आलेला एक मुलगा होता, सहावीतला. त्याचे भागाकार सगळे ‘चूक’ यायचे. आधीच्या शिक्षकाने वहीभर लाल फुल्या मारल्या होत्या. मी वही हातात घेतली तर भाजक उजवीकडे, चौकटीत, उत्तर त्याच्या खाली. अमेरिकेत उत्तर डोक्यावर लिहितात. आणि मला आठवली साताऱ्याची माझी प्राथमिक शाळा: भाजक डावीकडे, मधे कंस, उत्तर उजव्या कंसाबाहेर. मी फळ्यावर एकच गणित तीन तऱ्हांनी मांडलं, ९६ भागिले ४. त्याची, माझी आणि पुस्तकाची. तिन्हीकडे २४. तो पोरगा उठून फळ्यापाशी आला आणि त्याने माझ्या कंसावर बोट ठेवून स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. मागच्या मुलीने भाषांतर केलं: ‘हे कुठल्या देशातलं?’ त्याच्या वहीतल्या निम्म्या फुल्या मी त्या दिवशी बरोबर करून दिल्या. दोन संस्कृतींत वाढलेल्या मुलीला अशा वर्गात जे दिसतं, ते इतरांना सहज दिसत नाही. तुमच्या पत्रातलं मुलीचं बोलणं वाचल्यावर मला तिच्यात हे असेल असं वाटतं, पण मी तिला भेटलेली नाही; ते तुम्ही ओळखायचं.

म्हणून निर्णयाचं माझं परिमाण हे: पैसे बाजूला ठेवले, एक डॉलरही मिळणार नाही असं धरलं, तरी ती अशा शाळेत चार वर्षं जाईल का? हो असेल, तर तिसऱ्या वर्षापासून डोळे झाकून घ्या, कारण जे ती तसंही करणार आहे त्याचे पैसे मिळतायत. ‘बघू, आवडलं तर’ असेल, तर घेऊ नका. आठ वर्षांत चार म्हणजे पुष्कळ सवड आहे असं वाटतं. पण लग्न, दुसरं राज्य, नवऱ्याची बदली, मूल, कंटाळा, या सगळ्यांना मिळूनही तीच आठ वर्षं असतात. आणि त्या आठांतली पहिली चार वर्षं न शिकवता संपल्यावर पाचव्या वर्षाच्या सुरुवातीलाही वर्गात उभी नसली, तर हिशेब तिथेच फिसकटतो.

आता कामाचं. हिवाळ्याच्या सुट्टीत तिला एखाद्या जवळच्या जिल्ह्यात बदली शिक्षिका म्हणून नाव नोंदवता येतं का ते बघायला सांगा. जिल्ह्याप्रमाणे कॉलेजचे क्रेडिट किती लागतात ते वेगवेगळं असतं, तिचे साठ झाले की बरेच दरवाजे उघडतात. नाही जमलं तर कॉलेजच्याच निरीक्षणाच्या तासांसाठी यादीतली शाळा मागून घ्यायची. मार्चमधला एखादा मंगळवार निवडा, सुट्टीच्या आदला दिवस नको, परीक्षेचा आठवडा नको. साधा, कंटाळवाणा मंगळवार. तिने सकाळी साडेसातपासून शेवटच्या घंटेपर्यंत बसायचं आणि घरी येऊन तुम्हाला दिवसभराचं सांगायचं. तेव्हा तुम्ही दोघांनी सल्ले देऊ नका. नुसतं ऐका. ती मुलांची नावं घेऊन बोलते की शाळेच्या इमारतीबद्दल, तेवढं लक्षात ठेवा.

सही करायची वेळ आली तर सेवेचा किंवा परतफेडीचा करार तिने स्वतः वाचावा, आणि त्याआधी जे ऑनलाइन समुपदेशन करावं लागतं ते क्लिक-क्लिक करत संपवू नये. ते दर वर्षी असतं, करारही दर वर्षी नव्याने. भाऊ, तुमच्यासाठी एक काम: जेवढं अनुदान ती घेईल तेवढी रक्कम तिच्या नावे वेगळी टाकून ठेवा, तिला न सांगता. चार वर्षं पुरी झाली की तिचीच. नाही झाली तर त्यातून फेडून टाका, आणि त्यावर घरात एक शब्दही बोलू नका.

तुमची,
ताई

ता.क. हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी. एच-फोर व्हिसावरच्या, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या, मुलांना टीच ग्रँट मिळत नाही. नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि काही ठरावीक पात्र परदेशी नागरिक यांनाच मिळतं. तुमच्या घरातलं ग्रीन कार्ड रांगेत अडकलंय आणि मुलीला शिक्षिका व्हायचंय, अशी दोन पत्रं याच महिन्यात आली आहेत. त्यांना पुढच्या वेळी उत्तर देते, कारण तिथे आधी प्रश्न एकवीस वर्षांच्या वयाचा येतो (तेव्हा आईबापांच्या व्हिसावरचं अवलंबणं संपतं), शाळेचा नंतर.